पाय बघणारी आसराबाई

नव्या जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला मी आठ खाटांचा दवाखाना टाकला ते साल चौऱ्याऐंशी. वर पत्रे, पुढं ओसरी, मागं मोरी आणि कोपऱ्यात एक अंधारी खोली, तिला आम्ही मोठ्या ऐटीत लॅब म्हणायचो. झाडलोट करायला आणि बाटल्या, नळ्या धुवायला एक बाई पाहिजे होती. कुणीतरी सांगितलं म्हणून आसराबाई आल्या. सोबत त्यांचे मालक त्रिंबकभाऊ होते. खांद्यावर घोंगडी टाकून ते ओसरीच्या खालीच उभे राहिले, वर या म्हटलं तरी आले नाहीत.

"मेंढरं इकली साहेब," आसराबाई म्हणाल्या. "चरायला रान राह्यलं न्हाई. जिकडं बघावं तिकडं नांगरट. ह्यांना बियाण्याच्या कंपनीत गोदामाची राखण मिळाली. म्या नुसती बसून काय करू?"

जाफराबादच्या पलीकडची त्यांची वस्ती. वय तिशीच्या आसपास असेल. उंच, सडसडीत, पोटऱ्या पुरुषासारख्या पिळदार. दिवसाला आठ-दहा कोस चालणाऱ्या माणसाचे पाय होते ते. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

दोन-तीन महिने त्यांनी फरशा पुसल्या, नळ्या धुतल्या. मग एके दिवशी एक म्हातारा आला. मधुमेहाचा जुना रोगी, टाचेला जखम, तिला इतका वास की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून ओसरीत जाऊन बसला. आमचे कंपाउंडर रामराव नाकाला रुमाल बांधून पट्टी सोडायला बसले आणि मध्येच उठून मोरीकडं धावले. आसराबाई फडकं पिळत तिथंच उभ्या होत्या.

"सरका," त्या म्हणाल्या. हात धुतले, खाली मांडी घातली, म्हाताऱ्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि बोटांनी जखमेच्या भोवती दाबत गेल्या. कुठं दाबलं की काय बाहेर येतं ते बघत होत्या. मी दारातून पाहत राहिलो. असं पाऊल धरताना मी कुठल्या डॉक्टरलाही पाहिलं नव्हतं.

नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मेंढराची खुरं सडतात ना पावसाळ्यात. मह्या बापाकडं दीडशे मेंढरं व्हती. रोज सांजच्याला एकेकीचं पाय उचलून बघायचं काम माझंच. वरून खूर चांगलं दिसतं साहेब, अन् आत चिखल अडकून सडलेलं असतं. दाबल्याबिगर कळत न्हाई."

त्या दिवसापासून पट्ट्यांचं काम त्यांच्याकडं आलं. हात स्वच्छ कसे धुवायचे, हत्यारं कशी उकळायची, कुठं हात लावायचा नाही, एवढं मी शिकवलं. बाकीचं त्यांना येतच होतं.

त्या काळी बोटातून थेंब काढून आकडा सांगणारं यंत्र आमच्याकडं नव्हतं. रक्त तपासून यायला अर्धा दिवस लागायचा. म्हणून सारी भिस्त लघवीवर. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळीच राहिली तर साखर नाही, हिरवी झाली तर थोडी, पिवळी झाली तर बरीच, आणि विटेसारखी लाल झाली तर भरपूर. त्या रंगावरून इन्सुलिन किती द्यायचं ते ठरायचं. आसराबाईंना अक्षर येत नव्हतं, पण नळीचा रंग त्यांना माझ्याइतकाच कळायचा. नळ्या धुवायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात अंगारकी आली. आमच्याकडं अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला लोक अनवाणी चालत जातात. पहाटे निघालं तर उन्हं चढायच्या आत पोचता येतं, पण बायका-पोरं घेऊन निघालेल्यांना दुपार होतेच. पुंजाराम पाटील त्यांपैकीच. राजूर रस्त्यालाच त्यांचं शेत. पंचावन्न वर्षांचा भारदस्त माणूस, दहा वर्षांची साखर. डांबर तापलेलं, आणि पाटील मजेत गप्पा मारत चाललेले. बाकीचे टाचा उचलून पळत होते, पाटलांना काही वाटलं नाही. साखरेनं त्यांच्या पायांतली जाणीव कधीच गेली होती, हे त्यांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी आले आणि त्यांच्या मालकीण चतुराबाईंना फरशीवर ओले डाग दिसले. पाणी सांडलं असेल म्हणून पुसायला वाकल्या, तर डाग पाटलांच्या पावलांमागं चालले होते.

आठ दिवस घरी हळद-तेल झालं. मग ताप भरला आणि बैलगाडीत घालून त्यांना माझ्याकडं आणलं. उजवं पाऊल सुजून पावासारखं झालेलं, रक्तातली साखर चारशेच्या वर, नळी लालभडक.

मी जे शिकलो होतो ते असं, की आधी साखर आटोक्यात आणायची, मगच चाकू लावायचा. साखर चढलेली असताना चिरलं तर जखम भरत नाही. तेव्हा बहुतेक जण तसंच करायचे. मी इन्सुलिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी वाढवलं. तिसऱ्या दिवशी आणखी वाढवलं. नळी काही लाल सोडेना.

दुसऱ्या दिवशीच आसराबाई माझ्या टेबलाशी आल्या होत्या. "साहेब, पाटलाच्या पायात पू हाय. वरचं कातडं वाळलंय, पन अंगठ्याखाली दाबलं की टाचेकडं हालतंय."

"माहीत आहे. साखर उतरू द्या, मग तातेराव येऊन चिरतील." तातेराव म्हणजे माझे सर्जन मित्र.

त्या गेल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पू हाय तवर साखर उतरायची न्हाई, साहेब. म्या नळ्या धुऊन राह्यले चार वर्सं. ज्याचं चिघळतं त्याची लाल व्हती. पू निघाला की दोन-तीन दिसांत हिरवी. तुमी सुई तेवढीच देता तरी."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग येण्याचं कारण एवढंच, की जंतुसंसर्गानं साखर चढते हे वाक्य मीही पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरलो होतो. "बाई, तुम्ही पट्ट्या बघा," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी पाटलांची शेवटची दोन बोटं काळी पडली. तातेरावांना धावत बोलावलं. साखर चारशे असतानाच पाय उघडावा लागला. वाटीभर पू निघाला, आणि दोन बोटं गेली. दोन दिवस आधी उघडला असता तर ती कदाचित वाचली असती. कदाचित हा शब्द मी स्वतःच्या समाधानासाठी लिहितोय.

पाय उघडल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आसराबाईंनी स्टँडमधली नळी आणून माझ्या टेबलावर ठेवली. हिरवी होती. मी इन्सुलिन निम्म्यावर आणलेलं होतं, तरी हिरवी. नळी ठेवली आणि पट्ट्या उकळायला गेल्या. त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या रविवारी मी कपाटातले जुने कागद काढून बसलो. जितके सडलेले पाय आले होते तितक्यांचे रंग एकाखाली एक लावले. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. सोमवारी मी त्यांना ओसरीत गाठलं.

"आसराबाई, पाटलांच्या वेळी मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

"जाऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "बोटं गेली, पाय राह्यला." आणि माझ्याकडं न बघता, "पाटलाला हे सांगू नगा. त्येला वाटतं देवानं दोन बोटांवर भागवलं."

पण मी पाटलांना सांगितलं. ते छताकडं पाहत म्हणाले, "आता सांगितलं ते बरं केलं. पुढच्याचं जल्दी उघडा."

पाटील सहा आठवडे आमच्याकडं होते. सुरुवातीला त्यांचा मोठाच घोळ होता. परक्या बाईमाणसानं पाय हातात घ्यायचे, हे त्यांना सहन होईना. पट्टीच्या वेळी तोंडावर टॉवेल घेऊन पडायचे.

"बाई, तुम्ही पायाला हात लावता, मला पाप लागतंय."

"मेंढरं कवा लाजली न्हाईत मला," आसराबाई म्हणायच्या. "तुमी बिलकुल हलू नगा, मंग पाप कमी लागंल."

चतुराबाई आधी तोंड फिरवून बसायच्या. पुढं त्याच दिवा धरू लागल्या, आणि शेवटच्या आठवड्यात तर आसराबाईंनी त्यांच्याकडूनच पट्टी बांधून घेतली, दोनदा सोडून पुन्हा बांधायला लावली. घरी जाताना चतुराबाईंनी लुगडं आणलं. आसराबाईंनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि पाटलांना म्हणाल्या, "आता मला एक द्या. पुढल्या अंगारकीला पायतान घालून जायचं."

"देवाला बोललोय अनवाणी येईन म्हणून."

"देवाला सांगा, आसराबाईनं घालाय लावलं. काय व्हायचं ते मला हुईल."

पुढच्या अंगारकीला पाटील बूट घालून गेले, आणि आदल्या दिवशी निरोप पाठवून त्यांनी आसराबाईंना शेतावर बोलावून घेतलं. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बाज टाकली, पाण्याचं घंगाळ ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना पाटील हाक मारायचे, आपला बूट काढून तीन बोटांचा पाय दाखवायचे आणि म्हणायचे, "बसा, बाईला पाय दाखवून जा." लोक हसायचे, पण बसायचे. आसराबाई पाऊल धुवायच्या, दोन बोटांमध्ये बघायच्या, झाडूच्या काडीनं तळव्याला टोचून विचारायच्या, "कळलं का?" ज्याला कळत नसे त्याला चप्पल घालूनच पुढं जाऊ देत. मी एकदा गाडी थांबवून पाहिलं होतं. एक पटकेवाला म्हातारा त्यांच्याशी भांडत होता आणि त्या त्याचं पाऊल सोडत नव्हत्या.

हे पुढं बरीच वर्षं चाललं. दवाखान्यातला आमचा नियमही बदलला. पू दिसला की त्याच दिवशी उघडायचा, साखर मागून येते. किती पाय वाचले ते मी मोजलं नाही. तातेराव मात्र गमतीनं म्हणायचे, तुझ्या बाईमुळं माझी करवत गंजली.

या बारा वर्षांत आसराबाई बदलल्या होत्या. मी रोज पाहत होतो म्हणून मला दिसलं नाही. सकाळी आठला येऊन रात्री आठला जायच्या. खोली दवाखान्यामागंच, शंभर पावलांवर. चालणं तेवढंच. प्रत्येक नातेवाईक त्यांना चहा पाजायचा आणि त्या नाही म्हणत नसत. अंग भरलं, पोट सुटलं, पोटऱ्या मऊ पडल्या. त्रिंबकभाऊ गोदामावर खुर्चीत बसूनही होते तसेच वाळलेल्या काडीसारखे राहिले.

शहाण्णव साली बोटातून थेंब काढून आकडा सांगणारं यंत्र आलं. कंपनीच्या माणसानं ते टेबलावर मांडलं आणि म्हणाला, कुणावर तरी करून बघा. रामरावांचं केलं, माझं केलं. आसराबाई हसत बोट पुढं करून म्हणाल्या, "महं पन बघा, किती गोड हाय मी." आकडा आला दोनशे अडुसष्ट.

त्यांना आकडे वाचता येत नव्हते. माझा चेहरा त्यांनी वाचला.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासलं. शंका राहिली नाही. मी गोळी लिहून दिली, चहा बंद करा म्हणालो, जे सगळ्यांना सांगतो ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग तो प्रश्न विचारला.

"पन साहेब, महं तर कुठं चिघळलं न्हाई. पाय बघा, ठणठणीत. कुठं पू न्हाई, सूज न्हाई. मंग साखर का म्हून चढली?"

"सगळ्यांची जखमेनं चढत नाही, आसराबाई. काहींची अशीच चढते. आतूनच येते."

"अशीच म्हंजी?"

इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, एवढं मला माहीत होतं. का दाद देत नाही, ते माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काही कामानं मी मागच्या अंगणात गेलो. आसराबाई उन्हात दगडावर बसल्या होत्या, केस मोकळे. त्रिंबकभाऊ त्यांच्या मागं गुडघ्यावर बसून केसांचा एकेक भांग पाडून डोकं बघत होते. मग कानामागं बघितलं, मान बघितली, हाताची बोटं एकेक फाकवून बघितली, मग पुढं येऊन टाचा. मी दिसल्यावर आसराबाईंनी घाईनं पदर घेतला.

"सापडली न्हाई," त्रिंबकभाऊ मला म्हणाले. ते माझ्याशी बारा वर्षांत दहा वाक्यं बोलले असतील. "कुठं तरी असंल म्हून बघून राह्यलो. परवापासून रोज बघतो. पाठ बघितली, पोट बघितलं. एक वरखडा सुदिक न्हाई हिच्या अंगावर." आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, न सापडनारी जखम वाईट असती का?"

मी काहीतरी बोललो, आता आठवत नाही. पण तो माणूस बायकोच्या अंगावर इंच इंच जखम शोधतोय हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. वाचायचं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं होतं, ते पुन्हा सुरू केलं. औरंगाबादेच्या कॉलेजात जाऊन मासिकं चाळायचो. निम्मं कळायचं नाही.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात औरंगाबादेत डॉक्टरांची एक सभा होती. पुण्याची एक तरुण संशोधक बाई बोलायला उभी राहिली. जेवणानंतरची वेळ, पुढच्या रांगेतले दोघे डुलक्या घेत होते. तिनं पडद्यावर पेशीचं चित्र लावलं आणि सांगायला सुरुवात केली, आणि मी खुर्चीत ताठ बसलो. ती आसराबाईंच्याच प्रश्नाचं उत्तर देत होती. सभा संपायच्या आधी उठून मी जालन्याची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीवर गेलो. आसराबाईंनी बिनसाखरेचा चहा केला. आम्ही तिघं खाली सतरंजीवर बसलो आणि मला जमेल तसं मी सांगितलं.

"आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलंय. घरांची वस्ती असावी तसं. साखर रक्तातून येते आणि घराबाहेर थांबते. दार आतून उघडावं लागतं. इन्सुलिन येतं ते फक्त बाहेरून सांगतं, की साखर आलीय, घ्या. तो निरोप आत एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं असा जातो आणि मग दार उघडतं."

"हाळी दिल्यावानी," त्रिंबकभाऊ म्हणाले. "ह्या टेकाडावरचा वरडतो, त्या टेकाडावरचा ऐकून पुढल्याला वरडतो."

"अगदी तसंच. आता अंगात कुठं सूज असली, पू असला, की अंग एक वेगळं द्रव्य सोडतं. धोका आहे, सावध व्हा, असं सांगणारं. ते पेशीत शिरतं आणि पहिल्या निरोप्यालाच अडवतं. म्हणजे इन्सुलिन ओरडतंय, पण पहिल्याच टेकाडावरचा माणूस ऐकत नाही. दार बंद. साखर बाहेरच साचते. पाटलांचं तेच झालं होतं. पू निघाला, सूज गेली, निरोप पुन्हा जायला लागला."

"हे तर म्या सांगितलं व्हतं," आसराबाई म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"सांगितलं होतं. आता तुमचं ऐका. तेच द्रव्य पोटातली चरबीसुद्धा सोडते. चरबीच्या पेशी फार भरल्या, फुगल्या, की त्या स्वतःच आजारी पडल्यासारख्या होतात. जखम नाही, पू नाही, ताप नाही. पण आत मंद सूज. वर्षानुवर्षं. ती बाहेरून दिसत नाही, दाबली तरी दुखत नाही."

आसराबाई आपल्या पोटाकडं बघत राहिल्या. त्रिंबकभाऊंनी मात्र सुटल्यासारखा श्वास सोडला. "म्हंजी मला सापडनारच नव्हती," ते म्हणाले.

"तुम्हाला काय, कुणालाच सापडली नव्हती. आत्ता कुठं सापडतेय." सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशीसुद्धा त्या चरबीत येऊन मुक्काम ठोकतात, हे तर मी त्यानंतर चार-पाच वर्षांनी वाचलं.

"मंग ही जखम उघडायची कशी?" आसराबाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न नेहमी असाच सरळ असायचा.

"चाकूनं नाही. पोट उतरलं की सूज उतरते. आणि चालायचं. चालणाऱ्या पायाचं एक वेगळंच आहे. स्नायू काम करत असला की त्याला इन्सुलिनच्या निरोपाची वाट बघावी लागत नाही. तो दुसऱ्या वाटेनं साखर आत घेतो."

त्रिंबकभाऊ म्हणाले, "बराबर हाय. जो सोबत चालतो, त्याला हाळी कशाला द्यावी लागती."

दुसऱ्या दिवसापासून दोघं पहाटे मोती तलावाच्या बांधावरून चालू लागले. राखण संपवून त्रिंबकभाऊ थेट तिकडंच यायचे, घोंगडी खांद्यावर तशीच. पहिल्या आठवड्यात आसराबाईंना दम लागायचा आणि त्या चिडायच्या. ते काही न बोलता हळू चालायचे. चहा आसराबाईंनी सोडला नाही, साखर मात्र आधीच सोडली होती. उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडं पंधरा दिवसांची सुट्टी मागितली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी सुट्टी घेतली नव्हती. त्यांचा भाऊ म्हस्कू अजून मेंढरं राखून होता. त्याच्या मेंढरांमागं त्या रोज चालल्या, जाफराबादच्या वरच्या माळावर. परतल्या तेव्हा उन्हानं रापलेल्या, गाल बसलेले, आणि त्रिंबकभाऊ मागं उभे राहून असे बघत होते, जणू बाईंना त्यांनीच कुठून तरी जिंकून आणलं होतं.

यंत्रावर आकडा आला एकशे चोपन्न. आसराबाईंनी विचारलं, "हिरवी का?"

"निळी नाही, पण हिरवी," मी म्हणालो.

साखर कायमची गेली असं मी लिहिणार नाही. ती जात नाही. पोट थोडं पुन्हा आलं, गुडघे दुखायला लागले, काही वर्षांनी एका गोळीच्या दोन झाल्या. पण पाय चांगले राहिले, डोळे चांगले राहिले. दवाखान्यात नव्यानं साखर लागलेल्या बायका आल्या, की मी गोळ्या लिहायचो आणि आसराबाई त्यांना ओसरीत बसवून आतल्या सुजेचं सांगायच्या. माझ्यापेक्षा त्यांचं सांगणं बायकांना जास्त पटायचं. एकदा सोनूबाई म्हणून एक बाई रडायला लागली, की मी कुणाचं वाईट केलं म्हणून मला हा रोग. आसराबाईंनी तिचा हात आपल्या पोटावर ठेवला. "हे बघ, मला पन हाय. आपुन काय केलं? रानातून आलो अन् बसलो. एवढंच केलं."

दोन हजार तीन साली त्यांनी काम सोडलं. त्रिंबकभाऊंची राखणही संपली होती. दोघं म्हस्कूच्या वस्तीवर राहायला गेले. जाताना त्या दवाखान्यातल्या प्रत्येक खाटेशी गेल्या, पायांवरचं पांघरूण सारून बघितलं आणि नव्या नर्सला काय काय सांगत राहिल्या. जीप बाहेर हॉर्न वाजवत होती.

मी भेटायला गेलो तो दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर. निरोप आला होता, साखर गोळ्यांना ऐकेना म्हणून तिथल्या डॉक्टरनं इन्सुलिन सुरू केलंय. जाफराबादला एसटीतून उतरलो, पुढं जीपनं. वस्तीवर दोन पत्र्याच्या खोल्या, कुडाचं कुंपण, आत बारा-पंधरा मेंढरं. आसराबाई बाजेवर तूर पाखडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, अंग पुन्हा सडसडीत. मला बघून उठल्या आणि आधी माझ्या बुटांकडं बघितलं.

जेवणाची वेळ झाली होती. त्रिंबकभाऊ आत गेले. फ्रीज कुठला असणार. माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली बाटली त्यांनी काढली, दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवली, सुई भरली आणि उजेडाकडं धरून आतला बुडबुडा बोटानं टिचकी मारून वर घालवला. माझ्या नर्सा इतकं नीट करत नाहीत.

"कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"हिनंच. कागदाच्या पुडीवर शिकवलं आधी. मंग म्हनली, आता मला टोच." त्यांनी आसराबाईंकडं बघितलं. "पहिल्या दिशी मी रडलो. ही हसून राह्यली."

आसराबाईंनी पदर थोडा बाजूला केला. त्रिंबकभाऊंनी पोटाची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि काढली.

"दुखलं का गं?"

"न्हाई."

"रोज न्हाईच म्हनती," त्यांनी मला सांगितलं आणि बाटली पुन्हा फडक्यात गुंडाळली. "मला कळत न्हाई खरं का खोटं."

"खरंच दुखत न्हाई," आसराबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. "बसा साहेब. भाकर गरम हाय तवर खाऊन घ्या. ठेचा आज ह्यांनीच केलाय, जरा तिखट झाला असंल."